स्वधर्माची निवड आणि परधर्मग्रंथांचे वाचन

एखाद्याने धर्म बदलला अशी वार्ता गावात आली की, पेढीवर, पारावर आणि देवळाच्या ओट्यावर त्याच दिवशी जी चौकशी सुरू होते तिचा क्रम ठरलेला असतो. त्याला काय मिळाले, हा पहिला प्रश्न. त्याला कोणी फितविले, हा दुसरा. आणि त्याच्या घरच्या सोयरिकींचे आता कसे होणार, हा तिसरा. त्याने काय वाचले, जो धर्म टाकला त्यात त्यास काय उणे दिसले व जो घेतला त्यात काय अधिक दिसले, हे विचारणारा मनुष्य शंभरांत एखादाच निघतो. आणि जन्माने मिळालेल्या धर्मात स्वस्थपणे राहणाऱ्यास, म्हणजे आपणां बहुतेकांस, तर हा प्रश्न कोणी कधीच विचारीत नाही. धर्म सोडणाऱ्याने कारणे द्यावीत, राहणाऱ्यास कारणांची गरज नाही, अशी आमच्या समाजाची दृढ समजूत आहे. ही समजूत न्यायाची नाही असे आमचे मत असून ते नाशिककरांपुढे मांडण्यास आम्हांस विशेष कारण आहे. कारण धर्म पारखून घेण्याचा अर्वाचीन महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रसंग याच जिल्ह्यात सुरू झाला.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे दलित वर्गाची परिषद भरली. तीत डॉ. भीमराव आंबेडकर यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरावयाचे नाही हे मात्र आपल्या हाती आहे. या घोषणेने देशभर खळबळ उडाली. पण ती आकाशातून पडलेली नव्हती. तिच्या पाठीमागे आमच्या पंचवटीतील काळारामाचे बंद दरवाजे होते. २ मार्च १९३० रोजी हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने त्या देवळाकडे गेले. आत जाऊन रामाचे दर्शन घ्यावे एवढीच त्यांची मागणी होती. दरवाजे लावून घेण्यात आले. त्याच वर्षी रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिल रोजी, रथ दोहोंकडच्या लोकांनी मिळून ओढावा असे ठरले असता तो करार मोडला, दगडफेक झाली, डोकी फुटली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सत्याग्रह कमीअधिक जोराने सुमारे पाच वर्षे चालविला, तुरुंग सोसले, गावोगावचे बहिष्कार सोसले, आणि अखेर दरवाजा उघडला नाही तो नाहीच. उघडला तो पुढे कायद्याने, १९४७ साली मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला तेव्हा. दरवाजात आडवे उभे राहिलेल्या मंडळींत गीतेचे अध्याय मुखोद्गत असलेले पुष्कळ असतील. सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे हे त्यांनी कितीदा म्हटले असेल कोणास ठाऊक. पण समोर उभ्या असलेल्या माणसांच्या ठायी तो त्यांना दिसला नाही.

आता ज्याचा असा अपमान झाला तो रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या धर्माच्या दारात जाऊन उभा राहिला असता तर त्यास दोष कोणी दिला असता? आम्ही तरी दिला नसता. निमंत्रणेही थोडी नव्हती. मुसलमान, ख्रिस्ती, शीख व बौद्ध अशा सर्व समाजांच्या पुढाऱ्यांकडून तारा आणि पत्रे आली. असे असता नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेण्यात आली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. येवल्याच्या घोषणेस त्या दिवशी एकवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता.

या विलंबाचा अर्थ त्या काळी अनेकांनी आपापल्या मनाप्रमाणे लाविला. कोणी म्हणाले, ही नुसती धमकी आहे. कोणी म्हणाले, हा राजकारणाचा सौदा आहे. राजकारण त्यात मुळीच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधी लोकांच्या धर्मांतराने मतदारसंघ, राखीव जागा, सवलती या सर्वांवर परिणाम होणार हे उघड होते, व तसा विचार न करणारा पुढारी बेजबाबदार ठरला असता. परंतु त्या एकवीस वर्षांत जे वाचन झाले ते राजकारणासाठी कोणी करीत नाही. बुद्धाची ओळख तर त्याही पूर्वीची होती. १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भीमरावास कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले होते. पण शाळकरी वयात वाचलेल्या पुस्तकावर भिस्त ठेवून त्यांनी लोकांस हाक मारली नाही. १९३६ च्या एप्रिलात ते अमृतसरला शिखांच्या परिषदेस गेले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबईस भरलेल्या परिषदेत धर्मांतर का करावयाचे, याची ऐहिक व पारमार्थिक अशी दोन्ही अंगांची कारणे त्यांनी आपल्या लोकांपुढे तपशीलवार ठेविली. इस्लाम व ख्रिस्ती धर्मांचाही विचार झाला. पाली भाषेकडे ते वळले व तिचा कोश आणि व्याकरण यांवर परिश्रम केले. १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकात त्यांनी जो लेख लिहिला त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना करून, धर्मास कोणत्या कसोट्या लावाव्या हे सांगितले आहे: तो बुद्धीस पटला पाहिजे, त्याने समता, स्वातंत्र्य व बंधुभाव मानला पाहिजे, आणि दारिद्र्यास त्याने पावित्र्य देता कामा नये. या कसोट्या कोणास मान्य होतील, कोणास होणार नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, कसोट्या प्रथम लिहून काढून मग धर्म हाती घेणारा मनुष्य आम्हांस आमच्या काळात दुसरा फारसा दिसत नाही.

येवल्याच्या घोषणेवर महात्मा गांधींनी असा अभिप्राय दिला की, धर्म ही घरासारखी किंवा अंगरख्यासारखी इच्छेस येईल तेव्हा बदलण्याची वस्तू नव्हे. हे वाक्य पुढे धर्मांतराविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी झाले. परंतु ते बोलणाऱ्यांनी गांधींचे आत्मचरित्र नीट वाचलेले दिसत नाही. गीता त्यांनी प्रथम वाचली ती विलायतेत, तीही इंग्रजी भाषांतरात, आणि वाचण्यास लाविले थिऑसफीच्या दोघा बंधूंनी. पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती मित्रांनी त्यांस आपल्या धर्मात ओढण्याचा मनापासून प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ वाचले, कुराणाचे भाषांतर वाचले, आणि आपल्या शंकांची यादी करून ती मुंबईचे जवाहिरी व जैन तत्त्वज्ञ रायचंदभाई यांच्याकडे धाडली. त्यानंतर ते जन्मधर्मात राहिले. म्हणजे ज्या दोघा पुरुषांचा या विषयावर जन्मभर वाद झाला त्या दोघांनीही परधर्माचे ग्रंथ उघडले होते. एकाने वाचून धर्म सोडला, दुसऱ्याने वाचून ठेविला. आम्ही मात्र न वाचता ठेवितो, आणि त्या ठेवण्याला निष्ठा म्हणतो.

व्यापारी वर्गास हे निराळ्या भाषेत सांगण्याची गरज नसावी. लासलगावच्या बाजारात ढिगात हात घातल्यावाचून कांद्याची बोली कोणी लावीत नाही. येवल्याची पैठणी घेणारी बाई पदर उलटून मागची बाजू पाहते, कारण अस्सल विणीत पदर दोहों बाजूंनी सारखा दिसतो. वडिलोपार्जित पेढी मुलाच्या हाती आली तर शहाणा मुलगा जुन्या वह्या आणि खतावण्या काढून येणे किती, देणे किती, बुडीत किती याचा मेळ घातल्यावाचून गादीवर बसत नाही. आणि तसा मेळ घालण्यात वडिलांचा अपमान आहे असे त्याला कोणी म्हणत नाही. धर्माची वही मात्र वडिलांच्या सहीनिशी मिळाली की उघडावयाचीच नाही, असा आमचा रिवाज.

न उघडण्याने आमचे काय झाले ते पाहावयाचे असेल तर दूर जावयास नको. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांस पांडवलेणी म्हटले, आणि आजही बहुसंख्य नाशिककर तसेच म्हणतात. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेली आहेत हे भिंतींवरच लिहिलेले असून, ते लेख वाचण्यासारखे, विशेषतः व्यापाऱ्यांनी वाचण्यासारखे आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एक लेणे देऊन शिवाय तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा व किरकोळ गरजांचा खर्च चालावयाचा. हाच उषवदात ब्राह्मणांस गायी व गावे दिल्याचेही त्याच डोंगरावर लिहून ठेवितो. त्याच्या मागून ज्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली, त्याच्या स्तुतीत त्याच्या आईने तो ब्राह्मण्याचा अभिमानी होता व त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असे कोरविले. आणि ज्या लेखात हे कोरविले तो लेख भिक्षुसंघास लेणे दान दिल्याचा आहे! त्या काळच्या नाशिकच्या माणसास आपला धर्म आणि शेजाऱ्याचा धर्म दोन्ही ठाऊक होते, निदान दोहोंस दान देण्याइतके ठाऊक होते, असे यावरून दिसते. पुढे आम्ही इतके विसरलो की, लिपी हरवली, भाषा हरवली, आणि मोकळ्या पडलेल्या खोल्यांत पांडवांस आणून बसविले.

विसर किती खोल होता याची साक्ष धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात आहे. गोव्यातील साखवळ गावच्या या तरुणाने ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी एक लेख वाचला आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकावयाचा या एका ध्यासाने १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा तो भटकला, अन्नछत्रांत जेवला, आणि अखेर जे हवे होते ते त्यास सिंहलद्वीपात गेल्यावर मिळाले. ज्या धर्माची शेकडो लेणी सह्याद्रीच्या पाठीवर कोरलेली, त्याचे ग्रंथ वाचावयाचे तर महाराष्ट्रात शिकविणारा कोणी नाही, समुद्र ओलांडला पाहिजे, अशी दशा होती. कोसंबींनी परत येऊन आपल्या भाषेत लिहिले म्हणून आज आम्हांस तो प्रवास करावा लागत नाही. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे पुस्तक वाचनालयात मिळते. तरी वाचनाऱ्यांची दाटी झाली आहे असे ग्रंथपालांकडून आमच्या कानी आलेले नाही.

दुसरे उदाहरण आमच्या घरचेच आहे. कवी नारायण वामन टिळक यांचे संस्कृत अध्ययन नाशकास झाले. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. त्यापूर्वीच जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयी त्यांचे मन अस्वस्थ होते, इतके की एखादा नवाच धर्म काढावा असे विचार चालले होते. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, पुढे वाचीत गेले, पत्रव्यवहार केला, वाद घातला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. इतके वाचून, इतके तावून धर्म घेणाऱ्यास उतावळा म्हणता येणार नाही. पण या कथेची दुसरी बाजू आहे आणि आमच्या मते तीच अधिक बोधप्रद आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळील जलालपूरच्या; सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या बापाच्या घरी वाढलेल्या. नवऱ्याच्या वाचनात त्यांस वाटा नव्हता. निर्णय झाला तो त्यांना न कळविता. त्यांच्या वाट्यास आले ते रडणे, आप्तांचे टोमणे आणि काही वर्षांचा वियोग. आता पाहा: या बाईने नवऱ्याचा धर्म नवऱ्याचा म्हणून घेतला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने आपल्याशी स्वतः विचारला, उत्तर आले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास ती मोकळी झाली, आणि मग आपल्या पायांनी चालत बाप्तिस्म्यापर्यंत गेली. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांस आमच्या शब्दांची गरज नाही. पांडित्य नसलेली स्त्रीही परीक्षा करू शकते. तिला परीक्षेची संधी मात्र घरातून मिळत नाही. कुटुंबाचा धर्म कुटुंबप्रमुखाने ठरवावयाचा, ही रीत मग तो जुना धर्म राखण्याची असो वा नवा घेण्याची असो, आम्हांस सारखीच अन्यायाची वाटते.

जोतीराव फुले यांस ही गोष्ट फार आधी सुचली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात पत्नी बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून वाटल्यास तो धर्म घेईल. पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल. कन्या कुराण वाचून मुसलमान होईल. पुत्र सत्यधर्माचे पुस्तक वाचून सत्यधर्मी होईल. आणि चौघांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात गोडीने राहावे. ज्या काळी पंक्तिभेदावरून भाऊ भावाच्या घरचे पाणी सोडीत असे त्या काळी पुण्यात बसून एक माळी हे लिहितो! वाचकांनी यातील क्रम ध्यानात घ्यावा. प्रत्येक ठिकाणी आधी ग्रंथवाचन आहे, मग स्वीकार आहे. आणि वाचणाऱ्यांत बायको व मुलगी यांची नावे अगोदर आलेली आहेत.

या मतावर आक्षेप पुष्कळ येतात. त्यांतील पहिला नेहमीचा आहे: परधर्म भयावह आहे असे गीताच सांगते. सांगते खरी, पण तिसऱ्या अध्यायातील त्या श्लोकाच्या मागचेपुढचे श्लोक पाहिले तर तेथे स्वधर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेले कर्तव्य, अर्जुनाच्या बाबतीत क्षत्रियाचे युद्ध. शेजाऱ्याचे पवित्र पुस्तक उघडू नये, असा तेथे विषयच नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने परक्याचे तर राहोच, आपले पुस्तकही वाचलेले नसते, हे सांगताना आम्हांस वाईट वाटते.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट टोकाचा व सुशिक्षितांच्या आवडीचा आहे. सर्व धर्म शेवटी एकच सांगतात, मग वाचावयाचे कशाला? हे वाक्य औदार्याचे दिसते, परंतु त्यात आळस फार आहे. सर्व धर्म एकच सांगत नाहीत. एक म्हणतो आत्मा अमर आहे. बुद्ध म्हणतो नित्य असा आत्माच सापडत नाही. एक पुनर्जन्म मानतो, दुसरा एकच जन्म आणि नंतर न्यायाचा दिवस मानतो. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही, इस्लाम त्या एकावाचून दुसरे काही पूज्य मानीत नाही. हे भेद किरकोळ नव्हेत. माणसे यांसाठी जगली आहेत आणि मेली आहेत. भेद पुसून टाकून केलेले कौतुक हे समोरच्याचे म्हणणे न ऐकण्याचा सभ्य प्रकार होय. विनोबांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. त्यांनी कुराण मूळ अरबीत अभ्यासिले, त्याचा सारग्रंथ केला, ख्रिस्तधर्माचा सारग्रंथ केला, धम्मपदाची नवी मांडणी केली. आणि जन्मभर गीतेवर निष्ठा ठेविली. सर्वधर्म समभाव असे म्हणण्याचा अधिकार त्यांस होता, कारण त्यांनी त्यासाठी डोळे झिजविले होते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. नागपुरास दीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांनी कोठे त्रिपिटक वाचले होते? अभ्यास एकाने केला आणि धर्म लाखांनी घेतला, तर तुमच्या तत्त्वाचे काय राहिले? याला आमचे उत्तर असे. ज्यांस अक्षर शिकण्याचीच बंदी होती त्यांच्यापाशी ग्रंथाध्ययनाचा दाखला मागणे हे घराला आग लावून वर पाणी का साठविले नाही असे विचारण्यासारखे आहे. शिवाय धर्माची परीक्षा पोथीत होते तशी आचरणातही होते, आणि ज्या धर्मात ते जन्मले त्याच्या आचरणाचा अभ्यास त्यांनी पाणवठ्यावर, वेशीबाहेर आणि काळारामाच्या दारात पिढ्यान् पिढ्या केलेला होता. तो अभ्यास पुरेसा होता. तथापि त्यांच्या नातवंडांस हे उत्तर पुरणार नाही. आजोबांनी कारणे देऊन घेतलेला धर्म नातवाकडे वारशानेच येतो, आणि वारशाने आलेल्या बौद्ध धम्माची स्थिती वारशाने आलेल्या हिंदुधर्माहून निराळी नाही. स्वतः बुद्धाने केसपुत्त गावच्या कालामांस सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. मग बाबासाहेबांनी सांगितले एवढ्याच कारणाने मानणारा नातू बाबासाहेबांचा कितपत अनुयायी ठरतो, याचा विचार त्या समाजातील तरुणांनी करावा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, कर्त्याच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत निघाला व पुढे मराठीत आला. तो पूजेच्या वस्त्रात गुंडाळलेला पाहण्यापेक्षा शेरे मारून पाने मळलेला पाहणे आम्हांस अधिक आवडेल.

वाचनाच्या रीतीविषयी थोडे. वैगुण्य काढण्यासाठी परक्याचा ग्रंथ वाचण्याची कला आम्हांस जुनी अवगत आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद महिनोन् महिने रंगले. दोघेही एकमेकांच्या शास्त्रातील अडचणीची स्थळे हुडकून आले होते. त्या वादांनी लोकांत चैतन्य आले हे खरे, पण वकील ज्या नजरेने विरुद्ध पक्षाचे कागद वाचतो त्या नजरेने वाचून कोणाचा धर्म कळत नाही. आमची कसोटी साधी आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपण जे सांगतो ते त्या शेजाऱ्यासमोर सांगता आले पाहिजे, आणि त्याने होय, हे आमचेच म्हणणे आहे, असे म्हटले पाहिजे. मतभेद त्यानंतर सांगावा. नाशिकच्या पेठेत हिंदू आणि जैन दुकानदार भिंतीला भिंत लावून पिढ्यान् पिढ्या बसले आहेत. उधारी, लग्न, मयत यांत एकमेकांच्या घरी जाणेयेणे आहे. पण जैनांचा अनेकान्तवाद म्हणजे काय, हे शेजारच्या गादीवर विचारले तर ते कांदा-लसूण खात नाहीत, एवढेच उत्तर मिळेल. नामदेवांचे अभंग म्हणणाऱ्या किती जणांस ठाऊक आहे की, त्याच नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत? आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, हे मालेगावच्या किती विणकरांस व नाशिकच्या किती वारकऱ्यांस माहीत आहे?

वेळ कोठे आहे, असे दुकानदार म्हणेल. हिशेबच करावयाचा तर करू. धम्मपदाच्या गाथा ४२३. डोंगरावरील प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानाचे तीन अध्याय, पाचवा ते सातवा. जपुजीच्या पौड्या ३८. दिगंबर व श्वेतांबर दोघांस मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राचे अध्याय दहा, तेही सूत्ररूप. कुराणाचे अध्याय ११४ आहेत, त्यास अधिक दिवस लागतील आणि जाणत्याचे साहाय्य लागेल. हे सर्व मराठीत मिळते. जो गृहस्थ रोज सकाळी बाजारभाव, राजकारण आणि लोकांची भांडणे वाचण्यात घटका घालवितो त्यास यांतील पहिले तीन ग्रंथ एका चातुर्मासात पुरे करता येतील.

शाळांनी यात काय करावे हा वेगळा वाद आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि अठ्ठाविसाव्याने सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणास मनाई केली आहे. धर्म शिकविणे आणि धर्मांविषयी शिकविणे यांत भेद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मान्य केला आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ सालीच सुचविले होते की, पहिल्या वर्षी थोर धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्मविषयक तत्त्वचर्चा असा क्रम ठेवावा. ती सूचना कपाटात राहिली. ती कपाटातून निघेपर्यंत गावाने हात जोडून बसावे असे आम्हांस वाटत नाही.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, म्हणजे येथील बहुतेक देवस्थान-विश्वस्तांच्या घराण्यांत वाचनाची सवय लागण्याआधीपासून ते पुस्तके देत आहे. या वाचनालयाने, अथवा दुसऱ्या कोणत्याही संस्थेने, चातुर्मासात आठवड्यातील एक संध्याकाळ या कामास द्यावी. पोथी ऐकण्याची सवय आमच्या लोकांस आहेच. फक्त पोथी दर वर्षी निराळ्या धर्माची असावी. आरंभ धम्मपदाने करावा, कारण त्या धर्माची लेणी गावाच्या वेशीवर आहेत आणि त्यांविषयीचे आमचे ऋण सर्वांत जुने आहे. दुसऱ्या वर्षी शुभवर्तमान घ्यावे. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीस एकोणिसाव्या शतकापासून शेजारी म्हणवून घेतो, तिच्यातील एखाद्या जाणत्याने ते वाचून दाखविल्यास उत्तम. तिसऱ्या वर्षी कुराण. वाचणारा त्या धर्माचाच असावा असा हट्ट नसावा, मात्र त्या धर्माचा एक तरी जाणता मनुष्य सभेत बसलेला असावा. स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवू नये. त्याच वेळी, त्याच सतरंजीवर. वाचन संपल्यावर अर्धा तास प्रश्नांसाठी राखावा आणि प्रश्न कितीही बोचरा असला तरी तो विचारणाऱ्यास बसविले जाऊ नये. धर्मांतराचा प्रचार तेथे कोणी करू नये, व धर्मरक्षणाचाही. खर्च दिव्याचा आणि चहाचा. तो पेठेतील मंडळींनी आळीपाळीने उचलावा. कोष्ट्यांच्या श्रेणींनी एके काळी भिक्षूंच्या कापडाचा खर्च व्याजातून चालविला होता, त्या मानाने ही रक्कम मोठी नाही.